गाडी येडशीहून निघाली आहे

आमच्या मामांनी आयुष्यात एकही गाणं संपू दिलेलं नाही. हे मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा, म्हणजे माझे मामेसासरे. राहणार ढोकी. एकेकाळी त्यांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो की बारसं, मांडवाच्या कोपऱ्यात दोन रेकॉर्ड प्लेअर शेजारी शेजारी मांडून मामा बसलेले असायचे. एकावरचं गाणं शेवटाला आलं की दुसऱ्यावरची तबकडी ते बोटानं आधीच अडवून धरत, ठेका जुळला की बोट सोडत, आणि एक गाणं दुसऱ्यात कधी मिसळलं हे जेवणाऱ्याला कळत नसे. लावणीतून कव्वाली, कव्वालीतून गवळण, गवळणीतून थेट शहनाई, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. पुढं सगळ्यांनी कॅसेटी धरल्या, आता तर ट्रॉलीवर भिंतीएवढे बॉक्स रचून पोरं गावाच्या काचा हलवतात. मामांना त्यांचा राग नाही, तक्रार आहे. "डीजे म्हणवून घेत्यात. आरं, ह्या जिल्ह्यातला पैला डीजे म्या हाय! फकस्त तवा त्याला तसं म्हणत न्हवते," असं ते येईल त्याला सांगतात.

ही जोडायची खोड त्यांच्या बोलण्यातही उतरली आहे. एकदा आम्ही एका ठिकाणी दुखवट्याला गेलो होतो. मामांनी सुरुवात रीतसर केली. "लई चांगला माणूस. पहाटं उसाला पाणी द्यायला उठायचा. पाण्याचं म्हणाल तर औंदा बोअर आटले. बोअरवरनं आठवलं, तुमची मोटार दुरुस्त झाली का?" मी शरमेनं अर्धी झाले. पण बघते तर घरातली माणसं डोळे पुसून मोटारीवर बोलायला लागली होती, आणि जे थोरले चिरंजीव दोन दिवस तोंडात घास घेत नव्हते, ते बोलता बोलता चहा प्याले. मामांना शांतता सोसत नाही, आणि दुसऱ्याची तर त्याहून सोसत नाही. मला वाटतं, त्यांच्या सगळ्या विक्षिप्तपणाचं मूळ एवढंच आहे.

धंदा बंद झाला तरी तबकड्या ट्रंकांत जपून ठेवलेल्या होत्या. माझ्या नवऱ्यानं आपला जुना लॅपटॉप त्यांना नेऊन दिला, वायरी जोडून दिल्या आणि म्हटलं, "मामा, एकेक गाणं यात उतरवून घ्या." मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्यानं पुरणपोळीतलं पुरण काढून द्या म्हटलं. "एकेक गाणं बाजारात बी मिळतंय. मला जोड उतरवायचाय." म्हणजे दोन्ही प्लेअर लावायचे, लग्नात वाजवायचे तसं सलग वाजवायचं, आणि ते सगळं एका दमात लॅपटॉपमध्ये घ्यायचं. मध्ये थांबायचं नाही, मागाहून कापायचं नाही. एकदा एक जोड चुकला, तर नवरा म्हणाला की एवढा तुकडा काढून टाकता येतो. मामा म्हणाले, "लग्नात नवरदेव अडखळून पडला, तर त्याला काढून टाकता येतंय का?" झालं, पुन्हा पहिल्यापासून.

त्यांचं घर ऐन कारखान्याच्या रस्त्याला. गाळप सुरू झालं की उसाचे ट्रॅक्टर जातात आणि घरातली भांडी एकमेकांशी बोलायला लागतात, तिथं तबकडीवरच्या पिनेची काय कथा! पिन उडू नये म्हणून मामांनी युक्ती काढली. टेबलाचे चारही पाय ज्वारीनं भरलेल्या डब्यांत रोवले. हादरा ज्वारीत जिरतो असं त्यांचं म्हणणं, आणि खरंच जिरतो. पण ती ज्वारी म्हणजे घरातली खायची ज्वारी. मामी महिन्यातून एकदा दारात उभ्या राहून विचारतात, "आज कुठला पाय काढू? दळण टाकायचंय." तबकड्या धुवायला मऊ कापड लागतं म्हणून मामींच्या दोन जुन्या साड्यांचे पदर गेले. धुतलेल्या तबकड्या सावलीतच वाळवायच्या. एकदा मी भाबडेपणानं उन्हात ठेवायला निघाले, तर मामा ओरडले, "सूनबाई, पापड न्हवं ते!"

पण सगळ्यात मोठी तऱ्हा म्हणजे त्यांना समोर माणसं लागतात. एकट्यानं रेकॉर्डिंग करायचं नाही. "भिताडाम्होरं वाजवायला म्या काय खुळा हाय व्हय?" म्हणून शेजारपाजारचे गोळा करायचे, सतरंजीवर बसवायचे, पंखा बंद, फ्रीज बंद, आणि खोकला आला तर तोंडात पदर. चहा मिळतो, पण उठून जायची परवानगी नाही. माझं काम लाल बटण दाबायचं. वाजवता वाजवता मामा तबकडीकडे कमी आणि लोकांच्या तोंडाकडे जास्त बघतात. त्यातच त्यांचा जुना माईकही चालू असतो, कारण घोषणा नसेल तर ते लग्न कसलं! घरात जेमतेम सातआठ माणसं, आणि मामा माईकवर गंभीरपणे सांगतात, "ज्यांची जेवणं झाली त्यांनी पाठीमागच्यांना जागा करून द्यावी." शेजारच्या आजी एकदा खरंच उठून बसायची जागा बदलून आल्या.

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण गेल्या वर्षी हसू थोडं आवरलं. मामांना कमी ऐकू यायला लागलं. धाराशिवच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की एक कान गेलाच आहे आणि दुसराही हळूहळू जाणार. आयुष्यभर कर्ण्याखाली बसल्याची ती बिदागी. परत येताना बसमध्ये मामा मला म्हणाले, "सूनबाई, बाकीचं ऱ्हाऊ दे. तुझं लगीन तेवढं उतरवून घिऊ."

माझं लग्न ईटला, माझ्या माहेरी झालं. मामा वरपक्षाचे, पण स्पीकर घेऊन आदल्या दिवशीच आले होते. वऱ्हाडाचा टेम्पो ढोकीहून निघाला आणि वाटेत कुठंतरी बंद पडला. तेव्हा हातोहाती फोन नव्हते. मुहूर्त जवळ आला, मग टळला, मांडवात कुजबुज सुरू झाली. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, मामांच्या टेबलाशेजारी येऊन उभे राहिले ते हललेच नाहीत. मामांनी त्या दुपारी जे वाजवलं, ते मी आत शालू नेसून ऐकत होते आणि रडायचं विसरले होते. गाण्याला गाणं जोडत त्यांनी अख्खा मांडव धरून ठेवला. कोपऱ्यातली एखादी बाई रागावून उठली की तिच्या माहेरची गवळण लागायची आणि ती खाली बसायची. मध्ये मध्ये घोषणा होत होती, "मुलीच्या वडिलांनी काळजी करू नये. गाडी येडशीहून निघाली आहे." ही शुद्ध थाप होती. येडशी वाटेवरचं गाव खरं, पण गाडी कुठं आहे हे मामांना काय, कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी उन्हं उतरताना टेम्पोचा हॉर्न वाजला आणि मामांनी त्या हॉर्नवर शहनाई जोडली. माझा संसार त्या जोडावर उभा आहे, असं मी आजही मानते आणि हात जोडते.

तेव्हा ते वाजवणं उतरवून घ्यायचं, तर समोर आण्णा, म्हणजे मामांचे व्याही, पाहिजेत, असा मामांचा हट्ट. "इवाई न्हाईत तर त्या दिवसाचं वाजणार न्हाय. त्यांच्या पायाकडं बघून म्या वाजवलं. पाय जोरात हालला की म्या ओळखायचो, आता बदलाय पायजे." इकडं आण्णांचं विसरणं वाढलेलं. मला कधी माझ्या आत्याच्या नावानं हाक मारायचे, कधी दिवसभर गप्प. एकाचे कान चाललेले, दुसऱ्याची आठवण चाललेली, आणि त्या दोघांच्या मधे माझं लग्न. उशीर केला तर ते कायमचं हातचं जाईल या भीतीनं मला झोप लागेना. शेवटी गाळप संपल्यावर, रस्ता शांत झाल्यावर, आम्ही आण्णांना गाडीत घालून ढोकीला आणलं.

आण्णांना टेबलाला लागून खुर्ची दिली. मामींनी ज्वारीचे डबे काठोकाठ भरले. मी लाल बटण दाबलं. पहिले दोन जोड नीट बसले, आणि तिसऱ्याला माझ्या लक्षात आलं की मामांनी कानाला लावायचा हेडफोन काढून बाजूला ठेवला आहे. त्याचा उपयोगच नव्हता. त्यांचं एक बोट फिरत्या तबकडीच्या कडेला होतं आणि नजर आण्णांच्या पायावर. आण्णांचा पाय ठेका धरत होता. नाव विसरलेला माणूस ठेका विसरला नव्हता, आणि त्या पायावरून मामा गाणी जोडत होते. मला तेव्हा कळलं, की शेजाऱ्यांना धरून आणून बसवायची ती सगळी तऱ्हा कशासाठी होती. किती दिवस ते आमच्या तोंडांवरून ऐकत होते, कुणास ठाऊक!

मग त्यांनी माईक ओढला आणि त्याच जुन्या सुरात सांगितलं, "मुलीच्या वडिलांनी काळजी करू नये. गाडी येडशीहून निघाली आहे."

आण्णांनी मान वर केली. माईक दोघांच्या मधे होता. सकाळपासून एक शब्द न बोललेले आण्णा स्वच्छ आवाजात म्हणाले, "न्हाय निघाली. म्हाईत हाय मला. तुमी वाजवा. मी हाय थांबलेला."

सगळी सतरंजी गलबलली. मामांना काही ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी एकदम पालटलेली तोंडं पाहिली, जोड फसला असं त्यांना वाटलं आणि घाबरून माझ्याकडे बघितलं. रेकॉर्डिंग चालू, मला बोलता येईना. डोळ्यांतून पाणी वाहत असताना मी हातानं खूण केली, चालू द्या. त्यांनी चालू ठेवलं. शेवटच्या जोडापर्यंत, शहनाईपर्यंत नेलं. मी बटण बंद करून, त्यांच्या बऱ्या कानाशी तोंड नेऊन आण्णांचं वाक्य मोठ्यानं सांगितलं. मामा आण्णांकडे वळले. "म्हंजे तवा बी म्हाईत हुतं?" एवढंच म्हणाले. शहनाईची तबकडी संपली, पिन शेवटच्या रेघेत खरखरत फिरत राहिली, आणि मामांनी पुढचं गाणं लावलं नाही.

आता त्यांचा दुसरा कानही गेला आहे. तरी घरी कुणी आलं की ते लॅपटॉप उघडून माझं लग्न लावतात आणि पाहुण्याच्या समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. आपण कुठल्या गाण्यात आहोत हे त्यांना समजत नाही. पण पाहुण्याचा चेहरा एका जागी मऊ होतो, तेव्हा मामा मान हलवतात आणि मोठ्यानं विचारतात, "इवाई बोलले न्हवं?"