एका जागेसाठी दोघी

विनिता साठे गाणं शिकवत नव्हती. गाणं कसं शिकवायचं ते शिकवत होती. सिडनीतल्या एका विद्यापीठात, पुढे प्राथमिक शाळेत शिक्षक होणाऱ्या मुलामुलींना. पुण्यातल्या नातेवाइकांना हा फरक समजावताना ती थकून जायची, म्हणून हल्ली नुसतंच "प्रोफेसर आहे" म्हणून सोडून द्यायची. खरं तर ती प्रोफेसरही नव्हती. पीएचडीनंतर कितीतरी वर्षं तिने तासांवर शिकवलं. सेमिस्टर संपलं की काम संपलं, पुढच्याचं कुणालाच ठाऊक नाही. चाळिशी उलटल्यावर कधीतरी लेक्चररची कायमची जागा मिळाली.

तीही हेदरमुळे. हेदर म्हणजे विभागातलं जुनं खोड, साठीला टेकलेली, खणखणीत आवाजाची बाई. विनिता नवखी असताना तिनेच पहिला वर्ग दिला होता आणि वर म्हणाली होती, "तुझी ती पेटी घेऊन ये. या पोरांना पियानोपलीकडे जग आहे हे कळू दे." संगीत-शिक्षण म्हणजे तिथे या दोघीच.

करोना आला आणि वर्ग घरी आला. नवरा हृषीकेश आयटीतला, दिवसभर कॉलवर, म्हणून घरातली बंद खोली त्याला मिळाली. विनिता पश्चिम सिडनीतल्या, स्कोफिल्ड्सच्या नव्या घराच्या गॅरेजमध्ये बसली. पहिल्याच तासाला ती उत्साहाने म्हणाली, "चला, सगळे मिळून म्हणू या." प्रत्येकाचा आवाज आपापल्या वेळेला पोचला आणि मंडईत व्हावा तसा कालवा झाला. मुलं हसली, तीही हसली. पुढच्या तासापासून मात्र सगळ्यांना म्यूट करावं लागलं. ती एक ओळ म्हणायची, मग गप्प राहून पायाने ताल धरायची. तेवढ्या वेळात मुलांनी आपल्या घरी ती ओळ म्हणायची. आधी निदान हलणारे ओठ दिसत. मग एकेक कॅमेरा बंद होत गेला आणि नुसत्या काळ्या चौकटी उरल्या.

मुलगी स्पृहा गॅरेजमधल्या वॉशिंग मशीनमधले कपडे काढायला आली होती. थोडा वेळ बघून म्हणाली, "आई, यू आर सिंगिंग टू नोबडी."

"आहेत गं सगळे."

"हाउ डू यू नो?"

विनिताने पुढची ओळ घेतली.

पुढे शाळांमधून गाण्यावरच बंदी आली. गाताना विषाणू पसरतो म्हणे. ज्यांना सरावासाठी शाळेत जायचं होतं ते मेल करू लागले, गायचंच नाही तर असाइनमेंट कशी करू? विनिता रात्र रात्र बसून धडे बदलत राहिली. टाळ्या, चुटक्या, मांडीवर थाप. गाण्याचा विषय, त्यातून गाणं काढून टाकून शिकवायचा.

आणि मग फेररचना जाहीर झाली. भरमसाट फी भरणारी परदेशातली मुलं येईनाशी झाली, विद्यापीठाची तिजोरी आटली. स्क्रीनवर डीनने एक आकृती दाखवली, तीत संगीत-शिक्षणाच्या दोन चौकटींची एक झाली होती. दोघींनी त्या एकाच जागेसाठी अर्ज करायचा होता.

संध्याकाळी हेदरचा फोन आला. "तू भरणार ना अर्ज?"

"आणि तू?"

"मलाही भरावा लागेल. घटस्फोटानंतर सगळं पहिल्यापासून मांडलंय. इतक्यात घरी बसून चालणार नाही." मग म्हणाली, "यावर आपण बोलायलाच नको. नाहीतर पुढे एकमेकींकडे बघवणार नाही."

मुलाखतीत विचारलं, तुमच्या सहकाऱ्यापेक्षा तुमच्यात वेगळं काय आहे? विनिताच्या मनात आलं, मला जे येतं त्यातलं अर्धं तर तिनेच शिकवलंय. पण तोंडाने ती ऑनलाइन अध्यापनाबद्दल, वेगवेगळ्या संस्कृतींतून आलेल्या मुलांबद्दल सफाईदार बोलत गेली. तो सफाईदारपणा तिचा तिलाच नकोसा वाटला.

जागा तिला मिळाली.

"विनू, तू कुणाचं काही हिसकावलं नाहीस," हृषीकेश म्हणाला.

"माहितेय. म्हणून तर कुणावर रागावताही येत नाही."

हेदरचा निरोपसमारंभही स्क्रीनवरच झाला. विनिता मनापासून बोलली, आणि बोलून झाल्यावर कुणीतरी सांगितलं की ती म्यूटवर होती. दुसऱ्यांदा बोलताना तेच शब्द पातळ झाले.

पुढच्या वर्षी पुन्हा लॉकडाउन लागला. पश्चिम सिडनीत जास्तच कडक, तास चालू असताना डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर घरघरायचं. आता हेदरचे विषयही विनिताकडेच होते. ऑगस्टमध्ये तिचा आवाज बसला तो उठेचना. डॉक्टरने बोलणंसुद्धा बंद करायला सांगितलं. बदली शिक्षकासाठी विभागाकडे पैसे नव्हते. तिने हेदरला मेसेज केला: माझे तास थोडे दिवस घेशील का?

हेदरने लगेच फोन केला. विनिताला बोलायची मनाईच होती, तिने फक्त ऐकलं.

"नाही गं. फुकटचं खूप वर्षं केलं. आता नाही. आणि तूही करू नकोस. आजारी आहेस ना? मग आजाऱ्यासारखी पडून राहा."

विनिताला आधी राग आला. इतकी वर्षं, आणि एवढं करता येत नाही? ती स्वयंपाकघरात उगाच ओटा पुसत राहिली. मग हळूहळू वाटलं, इतक्या महिन्यांत खरं बोललं असं हे पहिलंच माणूस. तिने सर्टिफिकेट पाठवलं आणि सगळे तास रद्द केले. नोकरीत असं पहिल्यांदाच. आभाळ काही कोसळलं नाही. कधी परत येणार, एवढी विचारणा विभागाकडून झाली.

आवाज आला, पण वरचे सूर पूर्वीसारखे लागेनात.

बावीस साली वर्ग पुन्हा कॅम्पसवर भरले. तास संपल्यावर केटलिन नावाची विद्यार्थिनी मागे थांबली. "मला तुमच्यासारखं व्हायचंय. इथे, युनिव्हर्सिटीत शिकवायचंय. पीएचडी करू का?"

या प्रश्नाला विनिताकडे पूर्वी एक छान उत्तर असायचं. तिने ते आठवून पाहिलं आणि सोडून दिलं.

"आधी शाळेत शिकव. चांगली काही वर्षं. तिथे मुलं खरोखर समोर असतात. मग वाटलं तर इकडे ये. पण तेव्हा ही जागा असेल का, हे मला विचारू नकोस."

केटलिनला ती थट्टा वाटली. "नो वरीज," म्हणत हसत गेली.

ट्रेनमध्ये हेदरचा मेसेज दिसला. ब्लू माउंटन्समधल्या एका हॉलमध्ये निवृत्त मंडळींना जमवून ती दर रविवारी त्यांच्याकडून गाणी म्हणवून घेते, येतेस का? रविवारी तपासायच्या असाइनमेंटचा ढीग होता. विनिताने तरीही "येते" कळवलं आणि गेलीही. मागच्या रांगेत बसली. जमेल तिथे गायली, जमेना तिथे गप्प राहिली. परतताना गाडीत, तिला न्यायला आलेल्या हृषीकेशने विचारलं, "कसं झालं?" ती झोपली होती.