मलिद्याऐवजी केक

हे मी कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही — तो गेला, तेव्हाही त्याला हेच वाटत होतं की आपली बायको गोष्टी स्वतःच्या डोक्याने लिहिते.

मी इस्राएलमध्ये मुलांसाठी हिब्रूत लिहिते, भाषांतरं करते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे. मी लहान असताना इस्राएलला गेलो. आई लवकर गेली. मला वाढवलं रिबकामावशीने. फॅक्टरीतून दमून यायची आणि कांदा चिरता चिरता मराठीत गोष्टी रचून सांगायची. एका गोष्टीत एलियाहू नबीच्या नावाने केलेला मलिदा कावळा पळवतो आणि गावातल्या आजारी पोराला नेऊन भरवतो. मलिदा म्हणजे आमचे नवसाचे गोड पोहे, ओलं खोबरं घातलेले.

आणि माझं पहिलं पुस्तक — ज्याने मला नाव मिळवून दिलं — ओळखलंत ना? हो. तीच गोष्ट. मलिद्याचा मी मधाचा केक केला, अलिबाग पुसून टाकलं. शाळेत मला 'इंडियावाली' म्हणून चिडवायचे, ते मनात होतं. पण हे झालं केकपुरतं. मावशीचं नाव का गाळलं? मला लेखिका व्हायचं होतं. बस.

याहून वाईट पुढेच आहे. मावशीला हिब्रू वाचता येत नाही. नवंकोरं पुस्तक कुरवाळत तिने विचारलं, "कसली गं गोष्ट?" मी म्हटलं, "इथल्या मुलांची आहे, तुला नाही कळायची." ती येईल त्याला ते पुस्तक कौतुकाने दाखवायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं — तरी गप्प.

कोविडमध्ये मी मेलबर्नला अडकले, ग्लेन वेव्हर्लीत लेकीकडे. विमानं बंद, घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही. मावशी तिकडे एकटी, नव्वदीला टेकलेली. म्हणून रोज व्हिडिओ कॉल. एका संध्याकाळी ती माझ्या नातीला, तालियाला, कावळ्याची गोष्ट सांगायला लागली. तालिया मध्येच ओरडली, "आय नो धिस वन! इट्स आजीज बुक!"

तेवढं इंग्रजी मावशीला कळतं. ती माझ्याकडे बघत राहिली. आणि मी काय केलं? "नेट गेलं वाटतं," म्हणून फोन बंद केला! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

तालिया म्हणाली, "आजी, द वाय-फाय इज फाइन."

आता या पोरीपुढेही खोटं बोलायचं? — मी परत फोन लावला. सगळं सांगितलं.

मावशी रागावली. म्हणाली, "कावळ्याला केक कुणी घालतं का, वेडे?" आणि मग, "वाच. पहिल्यापासून वाच."

आता रोज संध्याकाळी मी तिला एकेक पान मराठीत सांगते. ती चुका काढते, चिडते, मध्येच खुदकन हसते. तालिया नवी चित्रं काढते. प्रकाशकांनाही मी खरं ते कळवलंय. नव्या आवृत्तीवर लेखिका म्हणून मावशीचं नाव असेल. माझं खाली, बारीक अक्षरात — भाषांतर. त्या पुस्तकात मी पहिल्यापासून तेवढंच केलं होतं.