मावसभावाने भरलेला मॅप

मला मोटरसायकल शिकवली मावसभावाने. तो दादाच्याच वयाचा, बुलडाण्यात त्याचं गॅरेज. घरातले सगळे मला स्कूटी घे म्हणून सांगत होते, तेव्हा हा एकटा दादाला म्हणाला, "घेऊ दे ना बे तिले. पाय पुरतात तिचे." त्या एका वाक्याने तो माझा झाला.

पुढे मी गाडीला मोकळा सायलेन्सर आणि जास्त हवा ओढणारा एअर फिल्टर बसवून घेतला, त्याच्याच हातून. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं तर इंजिन तापतं, गाडी फटफट करते. म्हणून लॅपटॉप जोडून पेट्रोलचा मॅप नव्याने भरावा लागतो. इंजिन किती फिरत असताना त्याला किती पेट्रोल द्यायचं, त्याचा हा तक्ता. ते काम तो पुण्याला शिकून आला होता. तो आकडे बदलत होता आणि मी गाडीवर बसून तो सांगेल तसा ॲक्सिलेटर पिळत होते. शेवटी म्हणाला, "आता चालवून पाह्य, लोणी!"

लोणीच होती, पण ॲक्सिलेटर अर्धा पिळेपर्यंत. त्यापुढे पिळलं की गाडी गचके खाऊन अडायची, मागून कुणी धरून ठेवल्यासारखी. मी त्याला सांगितलं.

"तू गिअर उशिरा टाकून राह्यली," तो म्हणाला.

मी लवकर टाकायला लागले. तरी तेच.

"तुले क्लचच समजला नाही अजून."

मी मानलं. रविवारी चिखलीच्या पुढे उंद्रीपर्यंत जायचे, मोकळ्या रस्त्यावर नुसते गिअर बदलत राहायचे आणि स्वतःवर चिडत परत यायचे.

नोकरी मोताळ्याला, म्हणून वाटेतला राजूर घाट रोजचाच. एका सकाळी घाटात कपाशीच्या ट्रकला ओव्हरटेक करायला गाडी बाहेर काढली आणि ट्रकच्या बरोबरीत आल्यावर ती अडली. समोरून एसटी. तिच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबले म्हणून मी वाचले. गाडी कडेला लावून उतरले, आणि तेव्हासुद्धा मनात हेच की, आपल्याला येतच नाही.

लाजेपोटी त्याला काही बोलले नाही. एकदा खात्री करावी म्हणून गाडी अकोल्याला मॅप भरणाऱ्या दुसऱ्या एका माणसाकडे नेली. त्याने लॅपटॉप जोडला, थोडा वेळ बघितलं.

"मॅडम, ही लिमिट तुम्हीच टाकायला सांगितली होती का?"

"कोणती लिमिट?"

"यापुढे इंजिन फिरूच नये, असं भरलं आहे. चुकून नाही होत हे. बाकी मॅप एकदम साफ आहे."

त्याने लिमिट काढून दिली. मी तडक गॅरेजवर गेले. मावसभाऊ हात धूत होता.

"लिमिट तू टाकली?"

त्याने वर बघितलं नाही. "हाव. दादानं सांगतलं होतं. घाटाचा रस्ता हाये. तुह्या भल्यासाठीच केलं न."

"अन् क्लच? गिअर?"

"मंग काय सांगू? खरं सांगतलं असतं तं तू ऐकली असती काय?"

"ट्रकच्या बाजूले अडली माही गाडी. समोरून एसटी आली होती."

आता त्याने बघितलं. चेहरा उतरला. "मले काऊन नाही सांगतलं?"

"तूच म्हणे ना, मले चालवता येत नाही म्हणून."

दादाशी मी कडकडून भांडले. पण तो पहिल्यापासून विरोधातच होता. त्याचा राग आला आणि ओसरलाही. मावसभावाचं तसं झालं नाही. गाडी आता घाट सहज चढते, तरी ओव्हरटेक करताना माझा हात अजून कचरतो. तो गचका गाडीतून गेला, माझ्यातून नाही.

मध्यंतरी दुसरबीडला एका लग्नात तो भेटला. पंगतीत मी वाढत होते. ताट पुढे करून हळूच म्हणाला, "गाडी कशी चालून राह्यली?"

"चांगली," मी म्हणाले, त्याच्या ताटात वरण वाढलं आणि पुढच्या माणसाकडे सरकले.