देवाच्या तोंडचं वाक्य

आमच्या तालमीचे किस्से मी कधी मुद्दाम जमवले नाहीत. ते आपोआप साचत गेले. कुणाच्या लग्नात पंगतीला चार जण शेजारी बसले, की "त्या साली काय झालतं, आठवतंय न्हवं?" असं कुणीतरी काढतो आणि दरवेळी एखादा नवा किस्सा निघतो. ऐकणारा पोट धरून हसतो आणि शेवटी विचारतो, "पण मग तुमचं बरोबर होतं की त्यांचं?" तिथं मात्र आम्ही सगळेच वाढप्याला हाक मारतो!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. गणपती तिथं बसतो, मोहरमचा पंजाही तिथंच बसतो आणि फुटबॉलची टीमही तिथलीच. आमच्या तालमीचं नाव होतं ते गणपतीतल्या सजीव देखाव्यासाठी. संवाद आधी कॅसेटवर भरायचे. मग स्टेजवर माणसं सोंगं घेऊन उभी राहणार, कर्ण्यातून आवाज येणार आणि ही नुसती तोंडं हलवणार. पंधरा मिनिटांचा खेळ, संध्याकाळपासून पुन्हा पुन्हा तोच.

लिहायचे हिंदुराव मास्तर, हायस्कूलमधले चित्रकलेचे शिक्षक. अध्यक्ष शामराव पैलवान. कपडे शिवायचे निजामभाई टेलर. टेप मी चालवायचो, कारण स्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान माझं. मास्तरांचा विषय ठरलेला असे. देवाच्या नावावर चालणारी दुकानदारी!

*

पहिला देखावा होता हातातून अंगारा काढणाऱ्या बुवाचा. लिहिलेलं पोलिसांना दाखवल्याशिवाय परवानगी मिळायची नाही, म्हणून मास्तर, पैलवान आणि मी ठाण्यात गेलो. फौजदारांनी सहा पानं वाचली. एकदाही हसले नाहीत.

"यात कुणाच्या भावना दुखावणार?"

"बुवाच्या," मास्तर म्हणाले.

"कुठल्या बुवाच्या?"

"भोंदू बुवाच्या."

"आणि खऱ्या बुवाच्या?"

"त्यांच्या कशाला दुखावतील साहेब?"

"मग तसं लिहून आणा त्यांच्याकडनं. खऱ्या बुवाचा ना-हरकत दाखला!"

बाहेर येऊन आम्ही चहाच्या गाड्यावर डोकं धरून बसलो. मास्तरांचं म्हणणं, खरा बुवा असा काही नसतोच. पैलवान म्हणाले, "मग दाखला कोण देणार? तुमचा बाप?" शेवटी गारगोटीकडं, पैलवानांच्या सासुरवाडीला एक महाराज होते, त्यांना गाठलं. त्यांनी सगळं वाचून घेतलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि लेटरहेडवर लिहून दिलं, "सदर देखाव्यास माझी हरकत नाही. मी खरा आहे." खाली सही, वर शिक्का!

फौजदारांनी तो कागद निमूट फाइलला लावला. मला वाटलं, सुटलो. तर चौथ्या दिवशी आणखी दोन बुवा मांडवात हजर. पैलवान बाह्या सरसावून पुढं झाले.

"तसं न्हवं पैलवान," त्यातला थोरला हात जोडून म्हणाला. "आमच्याबी भावना अजिबात दुखावल्या न्हाईत. तसं पत्र कुठं द्यायचं?"

*

देवाचा आवाज निजामभाईंचा असायचा. काय आवाज होता! मशीन चालवताना गुणगुणले तरी दुकानाची काच थरथरायची. देव बोलायला लागला, की रस्त्यावरच्या बायका चपला काढून हात जोडायच्या.

एकदा एक म्हातारी स्टेजच्या मागं आली. "देव कोण बोलतोय बाबा? लई गोड बोलतोय."

आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. तेव्हा दिवस नाजूक होते, दंगलीच्या बातम्या रोज पेपरात यायच्या. सांगावं की नाही? मास्तर काहीतरी सारवासारव करणार, तेवढ्यात पैलवानांनी तोंड उघडलं. "निजाम बोलतोय आजी. निजाम टेलर."

म्हातारीनं डोळे बारीक केले. कपाळाला आठ्या पडल्या. मी मनात म्हटलं, झालं, आता गल्लीभर होणार.

"कोपऱ्यावरचा निजाम?"

"व्हय."

"मग त्या देवाला म्हणावं, माझ्या दोन चोळ्या आषाढापास्नं तुझ्याकडं पडल्यात!"

*

मुंबईत बॉम्बस्फोट झाले, त्यानंतरच्या गणपतीला सगळ्या शहरात दहशतवादाचेच देखावे होते. आम्हीही ठरवलं. मास्तरांनी लिहिलं, कॅसेट भरली, आणि निजामभाई मापाची पट्टी घेऊन मापं घ्यायला आले.

"अतिरेकी कोण होणार? उभं ऱ्हावा."

कुणी हलेना. मास्तरांच्या हातात वहीतलं चित्र होतं. दाढी, चौकड्याचा रुमाल. त्यांनी वही हळूच मिटली. मला त्या क्षणी कुठं तोंड लपवावं कळेना, खरंच सांगतो. चित्र काढताना आमच्यापैकी एकाच्याही काही डोक्यात आलं नव्हतं.

"मी होतो की," निजामभाई म्हणाले. "दाढी घरचीच हाय."

"तू न्हाय!" पैलवान ओरडले.

"का?"

"तू आमचा हायस."

"मग दाढी कुणाची लावताय?"

दोन तास खल झाला. शेवटी तोडगा निघाला, की अतिरेक्याचं अख्खं तोंडच कापडानं झाकायचं. ना दाढी, ना धर्म. निजामभाईंनी दुकानातल्या उरल्यासुरल्या कापडाचा बुरखा शिवला आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

पहिल्याच दिवशी पन्नास जणांचा जमाव चालून आला. हिंदू होते, मुसलमान होते, आणि सगळेच भयंकर चिडलेले. निजामभाईंनी वापरलेलं कापड होतं शेजारच्या तालमीच्या फुटबॉल जर्सीचं!

"आमाला अतिरेकी म्हंताय? फायनल हरल्याचा राग असला काढताय व्हय?"

हे भांडण शांतता कमिटीपुढं गेलं. अख्ख्या शहरात त्या वर्षी दहशतवादाच्या देखाव्यानं भावना दुखावल्याची एवढी एकच तक्रार आली.

*

पुढं एका वर्षी परदेशातल्या कुठल्याशा पेपरात पैगंबरांची व्यंगचित्रं छापून आली आणि जगभर आगी लागल्या. आपल्याकडं मोर्चा निघाला. निजामभाई गेले आणि संध्याकाळी नेहमीसारखे कट्ट्यावर येऊन बसले.

"काय केलंसा?" मास्तरांनी विचारलं.

"निषेध."

"चित्रं बघितलीस?"

"न्हाय. बघायची पण न्हाईत." मग म्हणाले, "मास्तर, तुमी आमच्यावर लिवशीला का कधी? जसं बुवावर लिवता तसं?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "न्हाय लिहिणार."

"भ्या वाटतंय?"

"भीतीनं न्हाय लिहिणार, का तुझ्यासाठी न्हाय लिहिणार, हेच मला कळत न्हाय निजाम. बुवा आमच्या घरातला. त्याला बोललं तर घरातलं भांडण. घरातली माणसं काय मारत न्हाईत."

"आमच्यातबी हायत की बुवा," निजामभाई म्हणाले. "त्यांच्यावर कुणी लिवायचं मग?"

"तू लिही."

"मला कापडावर खडूनं लिवायचं तेवढंच येतंय!"

त्या दिवशी मला दोघांचंही पटत होतं. घरी जाऊन जेवताना वाटलं, दोघांचंही पटत नाही. अजून तसंच आहे.

*

आता घरातल्या माणसांचं सांगतो. पुढच्याच गणपतीतली गोष्ट. सगळीकडं सीडी आल्या होत्या, आमची कॅसेटच चालू होती. मास्तरांचा त्या वर्षीचा देखावा मला सगळ्यांत आवडायचा. देव स्वतः शाल पांघरून बुवाच्या दरबारात येतो आणि रांगेत उभा राहतो. बुवा त्याला ओळखत नाही. देव म्हणतो, "माझ्या नावानं एवढा कशाला ओरडतोस? मी काय बहिरा न्हाय." बुवा खवळतो, "देवाबद्दल वेडंवाकडं बोललास तर हात मोडीन!" त्यावर देव शालीतून मागचे दोन हात बाहेर काढतो आणि शांतपणे म्हणतो, "मोड की. मला चार हायत." इथं रोज टाळ्या पडायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या दारात पाच जण उभे. म्होरक्या उत्तम. पलीकडच्या गल्लीतला, नळाची कामं करणारा, मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला आणि आता कसल्याशा नव्या संघटनेत गेलेला. मी तिथंच होतो. मास्तरांच्या घरच्या वहिनी बाहेर आल्या.

"बसा पावणं. च्या टाकते."

"काकी, आमी च्याला न्हाय आलो," उत्तम म्हणाला. "धमकी द्यायला आलोय."

"मग उभ्या उभ्या देणार व्हय? बसा की!"

बसले बिचारे. वहिनींनी चहा दिला, बिस्किटं दिली. एकाला बिनसाखरेचा लागत होता, त्याला वेगळा करून दिला. मग कप खाली ठेवून उत्तमनं घसा साफ केला. "मास्तर, देवाच्या तोंडी ते चार हातांचं वाक्य चालणार न्हाय. देखावा बंद करा. न्हायतर तुमची धडगत न्हाय." एवढं बोलून त्यानं सगळ्यांचे कप गोळा केले, मोरीत नेऊन ठेवले, आणि पाचही जण गेले.

दार लागलं आणि वहिनी मटकन खाली बसल्या. "आता लिहू नका," त्या म्हणाल्या. "मला तुमी पायजे. देखावा नगं."

मास्तर म्हणाले, "यंदाचा पार पडू दे. मधेच बंद पडला तर तुझ्या गळ्याची आण, परत पेन हातात धरणार न्हाय."

*

पाचव्या दिवशी त्या संघटनेचे आठ-दहा जण काठ्या घेऊन आले. टेप फोडला, कॅसेटची फीत ओढून काढली. मास्तर मधे पडले. काठी कुणाची होती ते गर्दीत दिसलं नाही, पण मास्तरांचा उजवा हात कोपराजवळ मोडला. मी त्या वेळी टेबलाखाली होतो. मला त्याची आजही लाज वाटते.

ठाण्यात गेलो तर उत्तमचा अर्ज आमच्या आधी पोचलेला. भावना दुखावल्याचा! मोठ्या साहेबांनी दोन्ही कागद दोन हातांत धरून तोलून बघितले आणि निकाल दिला. देखावा चालू ठेवा, पण आवाज बंद. मंडळाच्या माणसाच्या तोंडातून एक शब्द जरी निघाला तरी परवाना रद्द.

"साहेब, मार आमी खाल्लाय," पैलवान म्हणाले.

"म्हणूनच! तुमच्याच संरक्षणासाठी करतोय हे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला गल्ली फुल्ल झाली. बंदोबस्ताला बाहेरगावाहून आलेले एक फौजदार होते, त्यांना कुणाचीच ओळख नव्हती. समोरच्या पानपट्टीच्या पायरीवर उत्तम हाताची घडी घालून उभा. अट पाळतात का बघायला. मास्तर गळ्यात हात अडकवून आले होते, शेजारी वहिनी.

पडदा उघडला. बुवानं तोंड हलवलं. आवाज नाही. शिष्यानं तोंड हलवलं. आवाज नाही. गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. मास्तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पाड पडदा. संपलं."

मी दोरीला हात घातला, आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून कुणीतरी बुवाचं पहिलं वाक्य म्हटलं. पाच दिवस तीच कॅसेट ऐकून गल्लीला सगळं पाठ झालं होतं! शिष्याचं वाक्य सायकलवर बसलेल्या एकानं घेतलं. मग बायका देवाचं बोलायला लागल्या, बाप्ये बुवाचं. पैलवानांनी आमच्या सगळ्या पोरांना स्वतःच्या तोंडावर हात धरायला लावले आणि स्वतःही धरला. फौजदार इकडून तिकडं पळत होते. कुणाला धरावं कळेना.

"देवाबद्दल वेडंवाकडं बोललास तर हात मोडीन!" हे मात्र दोघा-तिघांनीच म्हटलं, तेही हळू.

देवानं शालीतून मागचे हात बाहेर काढले. ओठ हलवले. कुणीच बोलेना. याच वाक्यासाठी मार बसला होता. सगळी गल्ली मास्तरांच्या प्लॅस्टरकडं बघत होती. वहिनींनी मान खाली घातली. देवानं पुन्हा एकदा ओठ हलवले.

"मोड की. मला चार हायत!"

स्वच्छ, खणखणीत आवाज, पानपट्टीच्या पायरीवरून. सगळ्या माना तिकडं वळल्या. उत्तमच्या हाताची घडी तशीच होती, फक्त नजर मास्तरांच्या प्लॅस्टरवर होती.

फौजदार धापा टाकत पैलवानांकडं आले. "कोण तो? तुमच्या मंडळाचा माणूस ना?"

पैलवानांनी तोंडावरचा हात काढला.

"न्हाय साहेब. तक्रारदार हाय!"