दोन्ही हात वर

अंपायरकाका घरातसुद्धा हो किंवा नाही असं तोंडाने म्हणत नसत. काकूंनी आणखी भात हवा का विचारलं, की ते दोन्ही हात पोटासमोर एकमेकांवरून फिरवत. म्हणजे डेड बॉल, आता वाढू नकोस. भाजी खारट झाली की दोन्ही हात बाजूला पसरून वाइड देत. वाइड गेल्यावर बॉल पुन्हा टाकावा लागतो, तशी भाजीही पुन्हा करावी लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. काकू हा नियम मानत नसत.

आमच्या ठाण्याच्या कोपरीत त्यांचं आडनाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. एका कंपनीतून टाइमकीपर म्हणून रिटायर झालेले, पण त्यांची खरी नोकरी एप्रिलमध्ये असे. जयंतीच्या टेनिस बॉल टुर्नामेंटला पांढरी टोपी घालून ते उभे राहिले, की कळव्यापासून कल्याणपर्यंतच्या टीमा आवाज खाली आणत. "दिलेला निर्णय मी बदलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सख्ख्या जावयाला त्यांनी पहिल्याच बॉलवर पायचीत दिलं होतं. आमच्या टुर्नामेंटमध्ये पायचीत नसतंच, हे जावयाने जागच्या जागी सांगितलं. पण निर्णय दिलेला होता. जावई त्या दिवशी सासरी जेवायला थांबला नाही.

अशा माणसाचा उजवा खांदा गेला, तो माझ्या ओव्हरमध्ये. मी फिरकी टाकतो, निदान मी तरी तसं सांगतो. त्या दिवशी कल्याणचा एक दांडगा बॅट्समन मला एकामागून एक सिक्स मारत होता आणि काका दर वेळी इमानदारीत दोन्ही हात डोक्यावर नेत होते. शेवटच्या सिक्सला डावा वर गेला आणि उजवा खांद्याच्या रेषेत आडवाच अडकला. एक हात वर म्हणजे बाय, एक हात आडवा म्हणजे नो बॉल. स्कोअररने दोन्ही लिहून टाकलं आणि मैदानात भांडण पेटलं. "अरे, मला दुखतंय रे," असं काका मधूनमधून सांगत होते, पण हा नेमका कुठला निर्णय, ते कुणालाच कळेना.

खांद्याचं हाड धरून ठेवणारा पट्टा जुन्या बनियनसारखा विरलाय, असं डॉक्टर म्हणाले. हे बरीच वर्षं चाललं असणार, असंही म्हणाले, पण काकूंनी ते कानाआड केलं. "हा पक्या बोलिंग टाकतो आणि खांदे आमच्या घरातले जातात," असं त्या आल्यागेल्याला सांगत.

नुसतं शिवून टिकणार नाही, वरून ठिगळ लावावं लागेल. दान केलेल्या देहाच्या त्वचेपासून ते बनवतात, हळूहळू त्यात तुमच्याच पेशी भरतात, वगैरे डॉक्टरांनी समजावलं. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हा माणूस बॅट्समन होता की बॉलर?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले.

"नाही, उद्या माझा हात एका बाजूला झुकायला नको."

"काका, त्याच्या सगळ्या पेशी धुऊन काढलेल्या असतात. नुसती जाळी उरते."

"म्हणजे न्यूट्रल. मग चालेल. सिक्स देता येईल ना?"

"दुखणं बहुतेकांचं कमी होतं. हात किती वर जाईल, ते आज सांगता येणार नाही."

बाहेर आल्यावर काका जिन्यातच थांबले. "सिक्स देता आला नाही, तर मी मैदानात उभा राहणार नाही. अर्धा निर्णय देणारा अंपायर कशाला हवा?" ते खरंच तसं करतील हे मला माहीत होतं. मैदान सुटल्यावर या माणसाचं काय उरेल, हे माहीत नव्हतं.

ऑपरेशननंतर त्यांचा उजवा हात अंगापासून बाजूला काढून एका जाडजूड उशीवर बांधला होता. ते पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभे राहून आमचा रविवारचा खेळ बघत. एकदा मी निल्याची चक्क दांडी उडवली. निल्या जागचा हलला नाही. त्याने बॅटने वर दाखवलं. "काकांनी नो बॉल दिलाय."

"काका, हात खाली घ्या ना!"

"डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलंय," काका वरून म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "आणि दिलेला निर्णय मी बदलत नाही."

ती उशी सुटेपर्यंत आमच्या बिल्डिंगमध्ये कुणीही आउट झालं नाही. आयुष्यात मी सगळ्यात जास्त दांड्या उडवल्या त्या नेमक्या याच काळात.

पुढे कळव्याला फिजिओथेरपी सुरू झाली. तिथल्या मॅडमनी शिकवलेला मुख्य व्यायाम असा, की डाव्या हाताने उजवं मनगट धरायचं आणि सावकाश डोक्याच्या वर न्यायचं. काका तो रिक्षाच्या रांगेत करत, भाजीवाल्यासमोर करत. विहाराच्या मीटिंगमध्ये वर्गणी वाढवायचा ठराव आला तेव्हा ते तोच व्यायाम करत होते, आणि त्यांचे दोन हात मोजून ठराव पास झाला.

मग खांद्याच्या आतला फोटो पुन्हा काढला. डॉक्टर खूश. "ठिगळ मस्त धरलंय. एक टाका सुटलेला नाही. रिझल्ट उत्तम!" काकांनी हात उचलला. खांद्याच्या जरासा वर जाऊन तो थांबला.

"दुखतंय?"

"अजिबात नाही."

"मग झालं तर!"

"मग सिक्स कोण देणार, फोटो?"

बाहेर बाकावर डोंबिवलीच्या एक आजी बसल्या होत्या. त्यांचंही हेच ऑपरेशन झालेलं, पण त्यांचं ठिगळ पुन्हा फाटलंय असं फोटोत आलं होतं. दोन्ही हात मागे नेऊन अंबाड्यात गजरा माळत त्या म्हणाल्या, "मला बाई त्यातलं काही कळत नाही." काका त्यांच्या हातांकडे बघत राहिले.

एप्रिल आला. फायनलला काका बाउंड्रीबाहेर खुर्चीवर बसले होते, टोपी खिशात. मध्येच मैदानातला अंपायर कल्याणच्या टीमशी भांडून निघून गेला. सगळे काकांकडे बघायला लागले. त्यांनी मान हलवली.

"काका, या ना. शेवटची ओव्हर मीच टाकतोय."

"म्हणूनच नको. तू टाकणार म्हणजे सिक्स नक्की."

काकूंनी त्यांच्या खिशातून टोपी काढून डोक्यावर चढवली. "उभे राहा. माझ्या भाजीला रोज वाइड देता, ते हात काय उसने आणता?"

शेवटच्या बॉलवर कल्याणला सिक्स हवा होता. समोर तोच दांडगा. मी टाकला आणि तो शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीत गेला. सगळे बॉलकडे बघत होते, मी काकांकडे. डावा हात वर गेला. उजवा खांद्यापाशी अडकला. स्कोअरर पेन धरून थांबला.

मग काकांनी डावा हात खाली आणला, उजवं मनगट घट्ट धरलं आणि दात आवळून वर ओढलं. टोपीच्याही वर. स्कोअररने हात उंचावून पोच देईपर्यंत दोन्ही हात तिथेच धरून ठेवले.

मी उड्या मारत होतो. "येड्या, हरलो आपण!" आमचा कॅप्टन ओरडला.

उजवा हात आपणहून कधी वर गेला नाही. काका शेवटपर्यंत तसाच सिक्स देत राहिले आणि त्यांचं बघून नवी मुलं अंपायरिंग शिकली. गेल्या वर्षी काका झोपेतच गेले. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः मी बोलिंग टाकत असताना.

यंदा डोंबिवलीहून परीक्षा पास झालेला एक तरुण अंपायर आला होता. पहिल्या सिक्सला त्याने सरळ दोन्ही हात वर केले. कल्याणची टीमच अंगावर धावली. "ओ, सिक्स असा देतात काय?" तो नियम सांगायला लागला, पण कुणी ऐकेना. शेवटी मी त्याला करून दाखवलं. त्या बिचाऱ्याने आपल्या धडधाकट उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने धरलं आणि सावकाश वर उचललं.

बॉल अर्थातच माझा होता. स्कोअररने पोच द्यायच्या आधी, बाउंड्रीबाहेर मांडीवर पांढरी टोपी घेऊन बसलेल्या काकूंनी हात वर केला.