गादीची कड

सत्तरी उलटली तरी धाकट्याला सगळे धाकट्याच म्हणत. तो आणि थोरला भाऊ, दोघांनी एकाच कारखान्यात जन्मभर फर्निचरला लाखेचं पॉलिश केलं. थोरल्यानं शिकवलं, हा शिकला. पॉलिशमधल्या स्पिरिटनं धाकट्याचं नाक कधीच कामातून गेलं होतं. हे त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं. कारागिराचं काही गेलं की त्याचं काम जातं, ही धास्ती काम सुटलं तरी सुटली नव्हती.

थोरल्याचं विसरणं वाढलं, तसं त्याला वृद्धनिवासात ठेवावं लागलं. एके दिवशी त्याच्या खोलीच्या कोपऱ्यात एक पांढरं यंत्र दिसलं. त्यातून बारीक वाफ निघत होती. तिथल्या ताई म्हणाल्या, फुलांचा वास आहे, आजोबांना शांत वाटतं, झोपही लागते.

धाकट्याच्या डोक्यात किडा वळवळला. किडक्या लाकडावर गडद रंग मारणारे त्यानं पुष्कळ पाहिले होते. वरून सुवास, म्हणजे खाली ओली चादर असणार. नाकाचा उपयोग नव्हता, म्हणून तो हातानं तपासू लागला. भेटायला गेला की गादीच्या कडा दाबायचा, गादीखाली हात घालायचा, भावाची पाठ उघडी करून बघायचा. सगळं कोरडं. संशय आणखी वाढला. आपण येणार म्हणून आवरून ठेवत असतील. मग तो अवेळी जाऊ लागला. तरी कोरडंच.

पण पूर्वी शिव्या देणारा भाऊ आता खिडकीकडे बघत गप्प बसायचा. ही शांती की गुंगी? गुंगी असेल तर सरळ घरी आणायचा, असं त्यानं ठरवलं. सुनेनं विचारलं, त्यांना उचलणार कोण, तुमचे गुडघे?

दुसऱ्या दिवशी त्यानं पॉलिशचा जुना बोळा काढला, स्पिरिटनं ओला केला आणि नेऊन भावाच्या हातात दिला. थोरल्यानं तो नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग जेवणाच्या टेबलावर तो बोळा फिरवू लागला. गोल, लांब, पुन्हा गोल. हात हलका, दाब सारखा. धाकट्या अडवायला गेला.

"हात घालू नकोस, धाकट्या. मध्येच थांबलं की डाग पडतो."

कित्येक महिन्यांनी थोरल्यानं भावाला ओळखलं होतं. गुंगीतल्या माणसाचा हात असा फिरत नाही, हे धाकट्याला कुणी सांगायला नको होतं.

तेवढ्यात ताई आल्या आणि दारातच थबकल्या.

"काका, दारू आणलीत? शेवटी सापडलात."

"पॉलिश आहे. एवढा वास येतोय का?"

"तुम्हाला येत नाही?"

धाकट्या खाली बघत राहिला. "नाही. कारखान्यात असतानाच गेला."

ताई खुर्चीवर बसल्या. सारखे गादीखाली हात घालता, म्हणजे आजोबांसाठी बाटली दडवत असणार, असा त्यांचा समज झाला होता. तुम्ही गेल्यावर आम्ही रोज गादी उलटून बघायचो, असंही त्यांनी सांगून टाकलं.

त्यांनी यंत्र बंद केलं. आजोबांना याचाच वास हवा, बोळा नीट वाळला की उशाशी ठेवू म्हणाल्या, ओला आणायचा नाही. घरी न्यायचा विषय धाकट्यानं पुन्हा काढला नाही.

निघताना त्यानं सवयीनं गादीची कड दाबून पाहिली. पलीकडची कड ताई दाबून पाहत होत्या.