निंबाखालची खोली

तापीला मोठा पूर आला त्या पावसाळ्यात आमच्या गावच्या घराची मागची बाजू बसली. वडील आदल्याच साली गेलेले. मी एकुलती एक, माझं सासर तळोद्याला. माय मात्र उरलेल्या अर्ध्या घरात चूल मांडून खुशाल बसलेली. भाऊबंद म्हणायचे, आमच्याकडे या. ही म्हणायची, "मन्हं मी देखसू." कोणाच्या हाताखाली राहायचं म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडायची.

दिवाळी उलटल्यावर मी बैलगाडी घेऊन गेले आणि हट्टालाच पेटले. तळोद्याला चल, नाहीतर मी इथेच राहते. मला वाटलं होतं, चांगलं भांडण होईल. पण ती मुकाट्याने निघाली. शेत वाट्याने लावलं, भांडी पोत्यात भरली आणि गाडीत बसली. नदीच्या उतारावरून गाडी पलीकडे चढली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. ती पडकी भिंत दिसली आणि मला रडूच कोसळलं. "माय, मन्हं माहेर गयं ना वं!" मी मोठ्याने म्हणाले. तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग म्हणाली, "गप बठ. बैल बुजतीन."

घरी मी तिच्यासाठी पडवी सारवून ठेवली होती, नवी बाज विणून घेतली होती. पण आमच्या मायबाई ओट्यावर गाठोडं ठेवून बसल्या त्या बसल्याच. "तुन्हा घरनं पानी माले चालस का?" आमच्यात लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण एकट्या बाईने म्हातारपणी ते किती ताणायचं? आमचे हे जंगलखात्यात कारकून होते, कधी कोणापुढे जास्त बोलायचे नाहीत. त्यांनीही हात जोडले. ती म्हणाली, "जवाईबुवा, तुम्ही सोनाना शेतस. पन माले खोली देखा."

लोक काय म्हणतील, या विचाराने माझा जीव अर्धा झाला. लेकीने आईला बाहेर ठेवलं म्हणून गाव तोंडात शेण घालणार. आणि त्याहून खरं सांगायचं तर मला ती हवी होती. सकाळी उठल्यावर तिचं खोकणं ऐकू यावं, एवढंच मला हवं होतं.

खोल्या बघायला मीच तिच्याबरोबर फिरले. आता यात सुद्धा तिची तऱ्हा! एक खोली बाजाराजवळ, फरशीची, उजेडाची. हिने आत पाऊलही टाकलं नाही. अंगणात उभी राहून वर आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "नही." दुसरी देवळाला लागून, विहीर दारात. तिथे एक शेवगा होता. त्याच्या फांदीला हात लावून बघितलं, तोंड वाकडं केलं, पुन्हा "नही." मला कळेना, म्हातारी घर बघतेय की झाडं? उन्हाचं असेल म्हणावं, तर देवळाच्या सावलीतली खोलीसुद्धा नाकारली. औषधाचा पाला हवा असेल म्हणावं, तर शेवगा काय वाईट होता? विचारलं तर म्हणे, "चाल पुढे."

शेवटी एका मारवाडी शेठजींच्या धान्याच्या दुकानामागे एक खोली निघाली. बुटकी, धुरकट, भिंतीला पोपडे. पण दारात एक जुना निंब, आडवी फांदी माणसाच्या मांडीएवढी जाड. माय त्या फांदीला दोन्ही हातांनी लोंबकळली. या वयात! शेठजी घाबरून म्हणाले, "मांजी, खोली तो अंदर से देखो." ती म्हणाली, "खोली मंग देखसू." आणि तिथेच पसंत केली. मला इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याकडे फिरकले नाही. तीच आली, तीन गल्ल्या ओलांडून, हातात स्वतःच्या पाण्याचा तांब्या घेऊन. माझ्या ओट्यावर बसली, गप्पा मारल्या, स्वतःचं पाणी प्याली आणि गेली. पुढे हे रोजचंच झालं. शेजारणी पदराआडून हसायच्या.

पण गाव तिने बघता बघता आपलंसं केलं. कोण कुठलं, कोणाची सून कोणत्या गावची, कोणाची गाय आटली, तळोद्याची खबर मला माझ्या आईकडून कळायला लागली. बाजाराच्या दिवशी डोंगरातून माणसं डिंक, चारोळी, मोळ्या घेऊन उतरायची. तिला ना त्यांची बोली येत होती, ना त्यांना तिची, तरी तास तास घासाघीस चालायची. एकदा तिने तिथून एक जाड दोर घेतला. मला एक टोक धरायला लावून भर रस्त्यात असा ओढला की मी पडता पडता वाचले. "विहिरीला शेठजींचा दोर आहे ना? मग हा कशाला?" मी विचारलं. "लागस," एवढंच.

चैत्र सरत आला. आखाजी, म्हणजे आमची अक्षय्यतृतीया, जवळ आली तशा गल्लीतल्या बाया माहेरच्या गोष्टी करू लागल्या. आमच्या खानदेशात दिवाळी राहिली तर राहिली, पण आखाजीला लेक माहेरी जायलाच हवी. कोणाचा भाऊ गाडी घेऊन येणार होता, कोणाचा बाप. मी दार लोटून आत पापड लाटत बसायची. कोणी विचारलंच तर काय सांगणार होते?

सणाच्या आदल्या दिवशी दारात घुंगरं वाजली. बघते तर भाड्याची दमणी, रंगवलेल्या शिंगांचे बैल, आणि आत ठेवणीतलं लुगडं नेसून माय! "चाल, बठ गाडीमा. तुले लेवाले येल शे." अगं बाई, तीन गल्ल्यांसाठी दमणी? ती गाडीवानाला म्हणाली, "बाजारवरथीन ले, नदीवरथीन ले. माहेर काय इतलं जवळ ऱ्हास?" साऱ्या तळोद्याला वळसा घालून आम्ही शेठजींच्या दुकानामागे उतरलो. दारात तिने माझ्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. आणि मी वर पाहिलं. निंबाच्या त्या आडव्या फांदीला आखाजीचा झोका टांगलेला होता.

तिनेच माझा हात धरून मला झोक्यावर बसवलं. "येडी शे का तू?" ती म्हणाली. "मी तुन्हाच घर ऱ्हायनी तं आखाजीले तू माहेरले कोठे जाशी?"

मी रडले, अगदी मोठ्याने रडले, आणि ती मला झोके देत राहिली.

संध्याकाळी हे कचेरीतून त्याच वाटेने आले. थांबले, चाचरत विचारलं, "घरी... कधी यायचं?" मायने पदर सारखा केला. "आते काय घाई शे, जवाईबुवा? पोर माहेरले येल शे. चार दिन मंग या लेवाले." त्यांनी मान डोलावली आणि खरंच एकटे घरी गेले.

मला तहान लागली होती. मी पाणी मागितलं. मायने माठातला तांब्या भरून दिला. मी अर्धा प्याले, आणि उरलेला तिने माझ्या हातातून घेऊन तोंडाला लावला.